हसणारं घर कुणाचं?

टीव्हीवरच्या कौटुंबिक विनोदावर आपल्या पानांत कुणी लिहीत नाही. आपण कवितेवर लिहितो, आत्मकथनावर लिहितो, मोर्चा आणि खटल्यावर लिहितो. विनोदी मालिका म्हणजे बायकापोरांची करमणूक, तिच्यावर शाई कशाला घालवायची, असं कार्यकर्त्याला वाटतं. पण हिशोब करा. कार्यकर्ता वस्तीत बोलतो महिन्यातून एकदा, तेही माईक मिळाला तर. टीव्ही रोज रात्री बोलतो, आणि घराघरात शिरून बोलतो. कल्याण पूर्वेच्या खोल्यांत, उल्हासनगरच्या कॅम्पांत, ठाण्याच्या डोंगरउतारावरच्या झोपड्यांत. तो काय बोलतो, कुणाच्या घरातून बोलतो आणि कुणाला हसतो, हे बघणं हे समीक्षेचंच काम आहे. ते आपण नाही केलं तर दुसरं कोण करणार हाय?

मी भिवंडीत सांच्यावर काम करतो. गिरणी म्हणायची, पण शेड पत्र्याची. बारा तासांची पाळी झाली की माणसाला हसावंसं वाटतं. हसण्यात काही वाईट नाही. विनोद वाईट, करमणूक म्हणजे अफू, असलं मी म्हणणार नाही. विनोद ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणूनच ती कुणाच्या ताब्यात आहे हे विचारायचं.

आधी एक साल लक्षात घ्या. १९७२. त्या साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. आणि त्याच साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. एकाच शहरात, एकाच वर्षात, दोन आवाज जन्माला आले. एक रस्त्यावरून बोलत होता, दुसरा दिवाणखान्यातून. रस्त्यावरच्या आवाजाला दिवाणखान्यात यायला किती वर्षं लागली? मला वाटतं, विनोदाच्या बाबतीत तो अजून उंबऱ्याबाहेरच उभा आहे.

दूरदर्शनवर मराठी कौटुंबिक विनोदाचा पहिला मोठा झेंडा लावला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'चिमणराव-गुंड्याभाऊ'ने. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या बापाच्या पिढीतले लोक अजून सांगतात, वाडीत एकाच्या घरी टीव्ही, आणि दारात चपलांचा ढीग. ती मालिका गाजली, आणि गाजावी अशीच होती. प्रभावळकरांसारखा नट खोटं बोलत नाही. पण हा चिमणराव त्यांनी तयार केलेला नाही. तो चिं. वि. जोशींचा. त्यांच्या कथा वीस-तीसच्या दशकांतल्या. १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावं करून'मध्ये चिमणरावाला पडद्यावर आणलं होतं. म्हणजे टीव्हीने नवीन घर शोधलं नाही. पुण्याचं जुनं, पांढरपेशा, कारकुनाचं घर उचललं आणि मांडलं.

आता मजा बघा. हे चिं. वि. जोशी कोण? बडोद्याला पालीचे प्राध्यापक. बुद्धवचनांची भाषा शिकवणारा माणूस. जातककथा मराठीत आणणारा माणूस. आपल्यातले किती जण हे जाणतात? आपण पाली म्हणजे वंदनेपुरती ओळखतो. या माणसाने जातकं मुळातून वाचली होती, आणि जातकांत विनोद कमी नाही. सुसरीच्या जातकातला तो वानर आठवा. सुसरीच्या बायकोला वानराचं काळीज खायचं डोहाळे लागतात. सुसर त्याला पाठीवर घेऊन नदीत जाते आणि मधेच बुडवायला लागते. वानर म्हणतो, अरे, आधी सांगायचंस ना, काळीज तर मी उंबराच्या झाडावर टांगून आलोय. सुसर मागे फिरते, वानर झाडावर. हा कसला विनोद आहे? दुबळ्याने बळवंताला अकलेने हरवायचा. आणि तो वानर म्हणजे बोधिसत्त्व, असं जातक सांगतं. म्हणजे अकलेने हसणं, हसवणं हे आपल्या परंपरेतच आहे, बाहेरून आणायला नको.

पण टीव्हीने चिं. विं.च्या हातातून जातक घेतलं नाही, वाडा घेतला. यात चिं. विं.चा दोष काढण्याचं कारण नाही. त्यांनी एक फार मोठं काम केलं. ते स्वतःच्याच माणसांना हसले. चिमणराव भित्रा, नोकरीला चिकटलेला, बढाईखोर, बायकोला वचकणारा. पांढरपेशा माणसाचं सोवळं त्यांनी त्याच्याच घरात बसून सोडवलं. म्हणून तो विनोद टिकला. घरातला माणूस घरच्यांना हसतो तेव्हा त्या हसण्यात माया असते आणि खरेपणाही असतो. ही कसोटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बडोद्याचीच दुसरी गोष्ट. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदे सरकारच्या नोकरीला गेले. राहायला घर कुणी देईना. नाव बदलून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात. सामानासकट बाहेर. बागेत बसून गाडीची वाट बघावी लागली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या बडोद्यात जगातल्या सर्वात शिकलेल्या माणसांपैकी एकाला खोली मिळाली नाही, त्याच बडोद्यात बसून मराठीतलं सगळ्यात लाडकं विनोदी घर लिहिलं गेलं. मी दोघांची तुलना करत नाही. माझं म्हणणं एवढंच, कौटुंबिक विनोदाला पहिली गोष्ट लागते ती घर. चार भिंती, एक दार, दारावर नावाची पाटी. ती पाटी ज्याला बिनघोर लावता येते तोच निवांत विनोद करू शकतो. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवा. १९६३ चं पुस्तक. त्या माणसाला खोली मिळते ती जात लपवून, आणि त्याचं प्रत्येक हसणं भीतीचं आहे. मराठी टीव्हीवरच्या विनोदी घराने हा भाडेकरू अजून पाहिलेला नाही.

चिमणरावानंतर मराठीत त्या तोडीचं घर आलं ते 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. अल्फा मराठीवर, २००१ पासून २००५ पर्यंत. परत प्रभावळकरच. लेखन त्यांच्याच 'अनुदिनी' या सदरावरून, दिग्दर्शन केदार शिंदेचं. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. आबा रोजच्या दिवसाची डायरी लिहितात, तीच मालिका. मी ही मालिका मागाहून मोबाईलवर बघितली, पाळी संपल्यावर. बरी वाटते. आरडाओरडा नाही, सासूचं विष नाही, ढांगढांग संगीत नाही. म्हातारा नातवाला समजून घेतो, सून सासऱ्याला समजून घेते. पण सगळी मालिका बघून मला एक प्रश्न पडला. एवढ्या वर्षांत या घराच्या दारातून आत कोण कोण आलं? आणि आलं ते काय म्हणून आलं? पाहुणा म्हणून, शेजारी म्हणून, की कामाला? टिपऱ्यांच्या घरचा प्रश्न हा परीक्षेचा, नोकरीचा, लग्नाचा. हे प्रश्न आपल्याही घरात आहेत. फक्त आपल्याकडे प्रत्येक प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न असतो: पूर्ण नाव काय?

आणि केदार शिंदे म्हणजे शाहीर साबळेंचा नातू. लोककला त्याच्या घरात होती. म्हणजे विनोदाचा दुसरा झरा माहीत नव्हता असं नाही. तमाशातला सोंगाड्या काय करतो? राजाला राजाच्या तोंडावर मूर्ख ठरवतो. ही कला जिवंत ठेवली कुणी? महार, मांग, कोल्हाटी माणसांनी, उपाशी पोटाने. सत्यशोधक जलशांनी ते हसू भटजी आणि सावकारावर फिरवलं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी त्याला आणखी धार लावली. अण्णा भाऊ साठेंनी 'अकलेची गोष्ट'सारख्या वगात ते कामगारांपर्यंत नेलं. विठ्ठल उमपांनी एकट्याच्या अंगावर 'जांभूळ आख्यान' उभं केलं. बाईचं, पुरुषाचं, सगळ्यांचं सोंग एकटा माणूस वठवायचा. ते २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर, लॉर्ड बुद्धा वाहिनीच्या कार्यक्रमात, व्यासपीठावरच कोसळले. एवढा मोठा वारसा. आणि टीव्हीच्या विनोदी घरात त्यातलं काय पोचलं? बाप्याने नेसलेलं लुगडं. धार बाहेर राहिली, सोंग आत घेतलं.

हिंदीतलं बघा. 'तारक मेहता का उल्टा चश्मा', २८ जुलै २००८ ला सुरू झालेली. चार हजारांवर भाग. वस्तीत सर्वात जास्त बघितली जाणारी मालिका कोणती म्हणाल तर लहान पोरं हेच नाव घेतील. मूळ परत एका सदरातलं, 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकातलं, तारक मेहतांचं. गोकुळधाम सोसायटी. गुजराती आहे, मराठी भिडे मास्तर आहे, तामिळ आहे, बंगाली आहे, शीख आहे, बिहारी आहे. दुकान चालवणारा अब्दुल आहे. भारताचं छोटं रूप म्हणून ही सोसायटी मिरवली जाते. आता या भारतात कांबळे कुठे आहे? गायकवाड कुठे आहे? प्रत्येक सणाला नाच आहे, पण १४ एप्रिल ला त्या पटांगणात निळा झेंडा लागलेला कुणाच्या लक्षात आहे काय? प्रांत मोजले, जात मोजली नाही. प्रांतांचा फरक विनोदी असतो, बोलीचा, खाण्याचा. जातीचा फरक दाखवला की विनोद मोडतो, म्हणून जातच वगळली. हे विसरून झालेलं नाही. तसं केल्याशिवाय ती सोसायटी उभीच राहत नाही.

आणि आपण टीव्हीवर अजिबात नाही असं नाही. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका आली. बघितली, अभिमान वाटला. पण नीट बघा. टीव्ही आपल्याला दोनच खुर्च्या देतो. एक महामानवाची, हार घालून. दुसरी पीडिताची, बातमीत. मधली साधी खुर्ची, जिच्यावर बसून बाप पोरावर खेकसतो, आई दोघांना हसते आणि चहा सांडतो, ती आपल्याला मिळत नाही. पूज्य माणसाला कुणी हसत नाही, आणि पीडितालाही नाही. ज्याच्याबरोबर हसता येतं त्यालाच जग बरोबरीचं मानतं. विनोदातली बरोबरी ही समतेचीच गोष्ट आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी टीव्हीचं हसू मालिकेच्या घरातून उठून स्किटच्या मंचावर आलं. २०१४ ला झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या', २०१८ ला सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. आणि इथे एक मोठी गोष्ट घडली, ती मान्य करायला पाहिजे. चेहरे बदलले. भाऊ कदम डोंबिवलीचा, पानाची टपरी चालवलेला. कुशल बद्रिके कल्याणचा. विशाखा सुभेदार अंबरनाथची. शिवाली परब कल्याणची, आणि गावाचं नाव मंचावर मिरवते. गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्याचा, तोही वस्तीचं नाव स्वतःच्या नावासारखं लावतो. कल्याण-कसारा लोकल आणि पाडा-वस्तीची माणसं पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने मराठी विनोदाच्या मध्यभागी उभी राहिली. फिल्टरपाडा हा शब्द घरोघरी टाळ्या घेतो, ही लहान गोष्ट नाही. आमच्या शेडमधली पोरं त्या दिवसापासून आपापल्या वस्तीचं नाव जरा मोठ्याने सांगायला लागली.

पण आता ती कसोटी काढा. घरातला माणूस घरच्यांना हसतोय, की बाहेरचा माणूस घरातल्याला हसतोय? नट वस्तीतला आला, पण लिहिलेला पंच कुठून येतो? पुष्कळ स्किटांत पंच दिसण्यावर असतो. रंगावर, उंचीवर, जाडीवर, केसांवर. न मिळालेल्या आंघोळीवर, फुकट जेवणावर, उधारीवर. गरिबी हीच गंमत. नट स्वतःच स्वतःवर पंच मारतो म्हणून तो आतला विनोद वाटतो. तो आतला नसतो. चिमणराव स्वतःच्या भित्रेपणाला हसतो, ते त्याने केलेल्या गोष्टीला हसणं आहे. रंगाला हसणं म्हणजे माणसाने न केलेल्या गोष्टीला हसणं. जात अशीच चालते. जन्माने जे अंगावर आलं त्यावरच दंड.

मी सगळ्याच स्किटांबद्दल म्हणत नाही. हास्यजत्रेत असेही तुकडे आहेत जिथे चाळीतलं भांडण, नवरा-बायकोची कुरबुर, नाटकवेड्या माणसाची फजिती इतकी खरी उतरते की हसताना आपलाच शेजारी दिसतो. तिथे कुणाच्या कातडीवर पंच नसतो, तरी माणूस लोळतो. म्हणजे जमतं. लेखकाला वाटलं तर जमतं.

भाऊ कदमचं नाव निघालंय तर आपल्यालाही दोन शब्द ऐकवतो. २०१८ च्या गणपतीत त्याने घरी मूर्ती आणली, आणि आपल्यातल्या काही मंडळींनी त्याच्यावर बहिष्काराची भाषा केली. बावीस प्रतिज्ञांवरून त्याच्याशी वाद घालायचा हक्क कुणालाही आहे, घालावा. पण बहिष्कार? ज्यांच्या पेपराचं नाव 'बहिष्कृत भारत' होतं त्यांच्या लेकरांच्या तोंडी हा शब्द? आणि आणखी एक. त्याच्या आधी चार वर्षं हा माणूस दर आठवड्याला टीव्हीवर होता. त्याच्या तोंडी कोण काय घालतंय, त्याच्या दिसण्यावर पंच का पडतायत, यावर आपण एक पत्रक काढलं? एक सभा घेतली? मूर्ती दिसली, लेखणी नाही दिसली. समीक्षेची सवय नसली की चळवळीचं हे होतं.

आता बनवणाऱ्यांकडे बघा. ठाण्याचा घोडबंदर रोड माहीत आहे. डोंगराच्या कडेला बंगले आणि शेडी, त्यात मराठी मालिकांचे सेट. आतून दिवाणखाना, मागून प्लायवूड. तो प्लायवूड ठोकणारा सुतार, लाईट उचलणारा, चहा आणणारा स्पॉटदादा, कपड्यांना इस्त्री करणारा, ही माणसं डोंबिवली, दिवा, कळवा, मुंब्रा, भाईंदर इथूनच येतात. पाळी बारा तासांची, आमच्यासारखीच. मजुरी बहुतेक वेळा नव्वद दिवसांनी. आमचा पगार पंधरवड्याला, त्यांचा तीन महिन्यांनी. २००८ च्या नोव्हेंबरात या कामगारांनी संप केला तेव्हा वाहिन्यांना जुनेच भाग परत दाखवावे लागले. सुखी घराचा सगळा उजेड ज्याच्या खांद्यावर आहे त्याने खांदा काढला की घरात अंधार पडतो, हे त्या दिवसांत दिसलं. पण त्या संपावर विनोदी एपिसोड कुणी लिहिला नाही. सेटवरचा सुतार दिवसभर दुसऱ्याचं घर उभं करतो आणि रात्री दिव्याच्या भाड्याच्या खोलीत जातो. यापेक्षा चांगली विनोदी कथा कोणती? पण ती लिहिणारा टेबलाशी बसलेला नाही.

कोण बसलंय ते ठरवतो बाजार. वाहिनी जगते जाहिरातीवर, जाहिरात चालते आकड्यावर. हा आकडा काढताना घराची प्रत ठरवतात. २०११ पासून जी पद्धत वापरात आली तिच्यात दोन गोष्टी बघतात: घरातला मुख्य कमावता किती शिकला, आणि अकरा वस्तूंपैकी किती घरात आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी. आणि अकरावी वस्तू, शेतजमीन. वाचून मी थांबलो. शिक्षण आणि जमीन. ज्या दोन गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबाला मिळू दिल्या नाहीत त्याच दोन गोष्टींनी घराची प्रत ठरते. यात कुणी जात लिहिलेली नाही. लिहायची गरजच नाही. मग साबणवाला, तेलवाला वरच्या प्रतीच्या घराला खूष ठेवतो, लेखक त्या घरासारखं घर लिहितो, आणि आपण आपल्या खोलीत बसून दुसऱ्याच्या घराला हसतो.

मग काय करायचं? नुसतं ओरडून होणार नाही. आपलं हसणारं घर आपणच लिहायला पाहिजे. आणि ते लिहायचं तर चिं. वि. जोशींसारखं धाडस पाहिजे, स्वतःच्या माणसांना हसायचं. सामान भरपूर आहे. एकाच गल्लीत तीन गट, तीन पावतीपुस्तकं आणि एकच जयंती. बाप रेल्वेतून निवृत्त, रोज सकाळी पेपर वाचून रिपब्लिकन पक्षाचं ऐक्य करतो, संध्याकाळपर्यंत ते फुटतं. आई विहारात पहिल्या रांगेत, आणि संकष्टीला म्हणते आज भूकच नाही. थोरला कार्यकर्ता, समतेवर तासभर बोलतो आणि उष्टं ताट तिथेच ठेवून उठतो. बहीण एमपीएससीला बसते, तिला सगळे कलम विचारतात, चहा पण तिलाच सांगतात. आणि डोंबिवलीत फ्लॅट बघायला गेल्यावर एजंट विचारतो, मच्छी-मटण चालतं का तुमच्यात? घरी येऊन सगळे बसतात, बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये लावायचा की आतल्या खोलीत, यावर वाद. बाप म्हणतो, हॉलमध्येच. थोरला म्हणतो, हॉलमध्येच. मग सगळे आईकडे बघतात. ती म्हणते, आधी हॉल तर मिळू दे.

या वाक्याला वस्तीत कोणीही हसेल, आणि हसता हसता गप्प होईल. टीव्हीवरच्या घरांना ही चव माहीत नाही. काही लोक म्हणतील, आपलीच अब्रू चव्हाट्यावर कशाला? मी म्हणतो, आपलं आपण नाही हसलो तर दुसरा हसेलच, आणि तो रंगालाच हसेल. बापाच्या ऐक्याला, थोरल्याच्या ताटाला, आपल्या पावतीपुस्तकाला हसणारा माणूस चळवळीचा वैरी नाही. तो जलशातल्या सोंगाड्याचा वारस आहे. ज्या चळवळीला स्वतःला हसता येत नाही ती हळूहळू नुसती फोटोला हार घालते.

आणि वाहिनीची वाट बघत बसू नका. जलसा ओट्यावर झाला, त्याला सेट लागला नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. डोंबिवलीत सावित्रीबाईंच्या नावाचं नाट्यगृह आहे, तिथे आपलं एक तरी विनोदी नाटक लागावं की नाही? दहा मिनिटांचं घर लिहा. नाव खरं ठेवा, आडनाव लपवू नका. लिहिलं की वस्तीत वाचून दाखवा, आईसमोर, तिला हसू आलं तर पुढच्या अंकासाठी पाठवा. नाही आलं तर परत लिहा.

जयभीम.